दर्याची होडी

टोलनाक्यावरचा पोरगा खिडकीतून वाकला,
हे वाहन की सामान?
अप्पा म्हणाले, लेकरा, पाण्यात वाहन, रस्त्यावर सामान.
त्यानं दोन्हींचे पैसे घेतले.

रत्नागिरीहून निघताना इस्माईल मुकादमांनी
तळावर थाप मारून सांगितलं होतं,
फायबरचे चार थर, आत फोम. उलटली तरी बुडायची नाही.
पण हिचा तळ लाटेसाठी कापलाय, उत्तरेश्वरराव.
तुमच्या माजलगावच्या धरणात लाट कुठली?
अप्पांनी बिडी विझवली.
वारा तर आहे, म्हणाले. बाकीचं बघू.

आंबा घाटात क्लचचा वास.
बार्शीच्या पुढं ट्रेलरचं उजवं चाक तापलं,
अप्पा त्यावर हात ठेवून बसून राहिले
ताप उतरेपर्यंत.
धारूरच्या घाटात सीताफळवाल्या बायका
पाट्या सोडून उठल्या.
एकीनं विचारलं, हिला पाणी किती लागतं?
जसं म्हशीला विचारावं.

आधीची आमची होडी पत्र्याची.
तिचा तळ तिसऱ्या साली चाळणी झाला होता.
एकानं वल्हवायचं, एकानं उपसायचं.
मी नऊ वर्षांची, डबा माझा.
म्हणून ही कोरडी होडी मला सुरुवातीला
परक्याच्या घरासारखी वाटली.
हातांचं करायचं काय?

आईनं नारळ फोडला,
खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाली,
ही बुडत नाही ते कळलं.
पाणीच बुडालं तर?

बुडालं. दुसऱ्याच उन्हाळ्यात.
धरण मागं सरकत गेलं
आणि आम्ही ट्रेलर घेऊन त्याच्या मागं मागं,
आठवड्याला दोन शेतं,
भेगाळलेल्या गाळावरून, फळ्या टाकत टाकत,
शेवटच्या डबक्यापर्यंत.
तिथं बगळे आमच्या आधी पोचले होते.

मग दोन वर्षं होडी दारात.
टायर बसू नयेत म्हणून ट्रेलर विटांवर चढवला.
दर रविवारी अंगद चाकं हातानं फिरवायचा,
बेअरिंगला ग्रीस भरायचा.
जाणारे येणारे हटकायचे, कुठं निघाली वरात?
तो म्हणायचा, इथंच.
कोंबडीनं पुढच्या कप्प्यात अकरा अंडी उबवली.
मला बघायला आलेली गेवराईची माणसं
पोहे खाऊन होडीत बसली,
एकमेकांचे फोटो काढले,
नंतर निरोप धाडला, मुलगी सावळी आहे.
होडीबद्दल काही तक्रार नव्हती.

धरण भरलं ते पोळ्यानंतर.
आणि एका संध्याकाळी वारा असा सुटला
की सगळ्यांच्या होड्या काठाला लागल्या,
फक्त माणिककाकांची दोन पोरं मधोमध,
बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला धरून.
अप्पांनी विंच सोडली.
अंगद इंजिनावर, मी पुढं दोरी घेऊन.
मला वाटलं होतं आदळेल.
नाही आदळली.
नांगराचा फाळ ओल्या मातीत शिरावा
तशी ती त्या उभ्या पाण्यात शिरत गेली,
पाणी दोन्ही बाजूंनी उलथत,
आणि मला पहिल्यांदा कळलं
की दोन वर्षं दारात ती आडवी नव्हती पडलेली,
तिला तसं बसवलेलं होतं.

पोरं आत घेतली. धाकट्यानं ओकारी काढली,
ती धुवायला मी सवयीनं डबा शोधला.
तळाशी पाणी म्हणाल तर चार थेंब.

काठावर कुणी काही बोललं नाही.
आईनं पोरांना गोधडी दिली
आणि अप्पांना म्हणाली, मागचा लाल दिवा फुटलाय.

रात्री अप्पांनी रत्नागिरीला फोन लावला.
मुकादम झोपलेले असावेत.
बराच वेळ रिंग वाजत राहिली,
अप्पा कानाला लावून ऐकत राहिले, ठेवेनात.
बाहेर अंगद टॉर्च तोंडात धरून
बेअरिंगमधलं पाणी पुसत होता.